रताळं, गाजर, बीट, सुरण: कंदमुळांचा एचएस कोड ठरवायचा कसा?

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका शेतकरी गटाचा प्रश्न आला आहे. रताळी, गाजर, बीट आणि थोडा सुरण असा माल त्यांना दुबईला पाठवायचा आहे. पुढच्या हंगामात रताळ्याची आणि बिटाची पूड पाठवायचाही विचार आहे. खरेदीदाराने एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाच्या वर्गीकरणाचा जागतिक आकडा, मागितला, तेव्हा ओळखीतल्या एकाने सांगितलं, "सगळी कंदमुळंच आहेत, ०७०६ टाका आणि मोकळे व्हा." तसं करावं का, असं ते विचारतात.

नका करू. तुमच्या यादीतला निम्मा माल ०७०६ मध्ये बसतच नाही. आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. ताजं गाजर ०७०६ १०. ताजं बीट ०७०६ ९०. रताळं ०७१४ २०. सुरण ०७१४ ९०. बिटाची पूड ०७१२ ९०. रताळ्याची पूड मात्र सातव्या चॅप्टरमधून बाहेर पडून ११०६ २० मध्ये जाते. म्हणजे सहा जिनसांना सहा वेगळे कोड. शेत तेच, माती तीच आणि ट्रकही तोच असला, तरी कोड एक होत नाही.

हे कोड येतात कुठून ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. पहिले सहा आकडे सगळ्या सदस्य देशांत सारखे असतात. त्यांत पहिले दोन चॅप्टरचे, पहिले चार मिळून हेडिंग आणि सहा मिळून सब-हेडिंग. त्यापुढचे आकडे प्रत्येक देश आपल्या सोयीने लावतो. आपल्याकडे १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत एकूण आठ आकडे आहेत. कोड ठरवण्याचे सहा नियम त्याच कायद्यात दिले आहेत आणि त्यातला पहिलाच नियम सांगतो की चॅप्टरचं शीर्षक फक्त संदर्भापुरतं असतं. माल कुठे बसतो ते हेडिंगचा मजकूर आणि चॅप्टरच्या टिपा वाचूनच ठरवायचं. 'कंदमुळं' नावाचं हेडिंग या पुस्तकात कुठेच नाही. तुमच्या ओळखीच्या माणसाची गल्लत इथूनच सुरू होते.

आता ०७०६ आणि ०७१४ शेजारी ठेवून वाचा. ०७०६ म्हणतं: गाजर, सलगम, सॅलडचं बीट, मुळा, सेलेरियाक वगैरे आणि 'तत्सम खाद्य मुळं', ताजी किंवा थंड केलेली. ०७१४ म्हणतं: कसावा, आरारूट, रताळी वगैरे आणि 'स्टार्च किंवा इन्युलिन जास्त असलेली तत्सम मुळं व कंद', ताजी, थंड केलेली, गोठवलेली किंवा वाळवलेली, चकत्या केलेली असोत वा नसोत. 'तत्सम' हा शब्द दोन्हीकडे आहे, पण कशाशी तत्सम ते वेगळं आहे. गाजर-मुळ्यात पाणी आणि थोडी साखर, तर रताळं, कसावा, सुरण, अळकुड्या हा सगळा पिठूळ माल. एखादं नवं मूळ हातात आलं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: यात स्टार्च किती? उत्तर 'भरपूर' असेल तर पाय आपोआप ०७१४ कडे वळले पाहिजेत.

याला मोठा अपवाद बटाट्याचा. पिठूळपणात तो कुणाला ऐकत नाही, पण त्याला स्वतःचं ०७०१ हे हेडिंग दिलं आहे, आणि नावानिशी दिलेलं हेडिंग असताना गटाच्या हेडिंगकडे जायचं नसतं. त्यातही बियाण्याचा बटाटा ०७०१ १० आणि खायचा ०७०१ ९०. बरेच जण बियाणं म्हटल्याबरोबर १२०९ उघडतात. ते पेरायच्या बियांचं हेडिंग आहे, कंदाचं नाही. रताळ्याची लागण आपल्याकडे वेलाच्या तुकड्यांनी होते. उद्या कुणी ते वेलच पाठवायचे म्हटलं, तर ती जिवंत रोपं होतात आणि ०६०२ मध्ये जातात.

०७१४ च्या आत शिरल्यावर खरी अडचण सुरणाची आहे, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण या एका जिनसावर मी सगळ्यात जास्त चुकीची कागदपत्रं पाहिली आहेत. सुरणाला इंग्रजीत जे नाव आहे त्यात 'याम' हा शब्द येतो. कोडाच्या यादीत 'याम' शोधलं की ०७१४ ३० सापडतं आणि माणूस खूश होऊन ते लिहून टाकतो. पण त्या ओळीत पुढे 'डायस्कोरिया' हे वनस्पतीच्या प्रजातीचं (जीनसचं) नाव आहे. आपलं कोनफळ डायस्कोरिया आहे, कणगरही डायस्कोरिया आहे, ते ०७१४ ३० मध्ये बरोबर बसतात. सुरण अमॉर्फोफॅलस आहे. त्याचा डायस्कोरियाशी काही संबंध नाही, म्हणून तो 'इतर' मध्ये, ०७१४ ९० ला. अळकुडी म्हणजे कोलोकेशिया, तिला ०७१४ ४०. अमेरिकेच्या बाजारात तर केशरी गराच्या रताळ्यालाही याम म्हणतात, पण तिथल्या बाजारात काहीही म्हणोत, कोड ०७१४ २० च राहतो.

म्हणून माझा आग्रह असतो की इनव्हॉइसवर जिनसाच्या नावापुढे शास्त्रीय नाव लिहाच. आपल्या भागात बाजाराच्या पावतीवर नाव कानडीत, गटाच्या वहीत मराठीत आणि खरेदीदाराच्या ईमेलमध्ये तिसऱ्याच भाषेत असतं. कस्टम्सच्या अधिकाऱ्याला या तिन्हींपैकी एकही कळेल याची खात्री नाही. शास्त्रीय नाव मात्र बंदरावर, रोपसंरक्षणाच्या कार्यालयात आणि पलीकडच्या देशात एकच वाचलं जातं. फायटो सर्टिफिकेटवरही (माल रोग-किडीमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्यावरही) तेच नाव लागतं, त्यामुळे कागद एकमेकांशी जुळतात.

इंटरनेटवरच्या याद्यांबद्दलही सावध करतो. याम, अळकुडी आणि झँथोसोमा (अळकुडीसारखाच एक कंद) यांना ०७१४ ३०, ४० आणि ५० ही स्वतंत्र घरं एचएसच्या २०१२ च्या आवृत्तीपासून मिळाली. त्याआधी ही सगळी ०७१४ ९० मध्येच होती. जुनी यादी कुणी तशीच चढवून ठेवलेली असते आणि आपण ती ताजी समजून उतरवतो. २०१२ नंतर २०१७ आणि २०२२ मध्येही आवृत्त्या आल्या आहेत. चालू वर्षाचा भारतीय टॅरिफ, म्हणजे सीमाशुल्क दरांची अनुसूची, उघडूनच कोड घ्या.

आता मालाची अवस्था. माझ्या मते कंदमुळांच्या कोडातली निम्मी लढाई इथे आहे. मूळ कोणतं हे कळलं तरी कोड अर्धाच कळतो. ते सीमा कोणत्या रूपात ओलांडतं ते कळल्याशिवाय उरलेला अर्धा कळत नाही.

बीट घ्या. शेतातून काढलं, पाला तोडला, धुतलं: ०७०६. सोललं किंवा किसलं तरी ०७०६ च, कारण सातव्या चॅप्टरमधल्या भाज्या अख्ख्या, चिरलेल्या, सोललेल्या किंवा किसलेल्या असल्या तरी चालतात. वाळवून चकत्या केल्या की ०७१२ ९०. पूड केली तरी ०७१२ ९०, कारण त्या हेडिंगच्या मजकुरात 'पूड' हा शब्द स्पष्ट आहे. पाण्यात उकडून गोठवलं की ०७१० ८०, कारण ०७१० मध्ये वाफवलेली किंवा पाण्यात उकडलेली गोठवलेली भाजी चालते. पण तेच उकडलेलं बीट गोठवलं नाही, नुसतं व्हॅक्यूमच्या पिशवीत बंद करून थंड ठेवलं, तर ०७०६ ही नाही आणि ०७१० ही नाही. ०७०६ मध्ये उकडलेलं चालत नाही आणि ०७१० मध्ये न गोठवलेलं चालत नाही. ते थेट विसाव्या चॅप्टरमध्ये, २००५ ९९ ला जातं. व्हिनेगरमध्ये घातलं तर २००१. वाटेत टिकावं एवढ्यासाठी खारवणीच्या ड्रममध्ये भरलं आणि त्या स्थितीत ते खाण्याजोगं नसेल, तर ०७११. कर्नाटकातून काकडी-घेरकिनची जी निर्यात होते, ती याच दोन वाटांनी चालते: ड्रममधली ०७११ ४० आणि व्हिनेगरच्या बरणीतली २००१ १०. उद्या गाजर-मुळ्याचं लोणचं घालून पाठवायचं ठरलं, तर हा फरक लक्षात ठेवा.

रताळ्याची गोष्ट बिटापेक्षा वेगळी आहे, आणि तुमच्या पुढच्या हंगामासाठी तीच महत्त्वाची. ०७१४ च्या मजकुरात ताजं, थंड, गोठवलेलं, वाळवलेलं, चकत्या, पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) असं सगळं आहे. म्हणजे रताळं गोठवलं तरी ०७१० कडे जायचं नाही, वाळवलं तरी ०७१२ कडे जायचं नाही, ०७१४ २० मध्येच राहायचं. पण त्या यादीत पीठ किंवा पूड नाही. ती अकराव्या चॅप्टरमध्ये आहे: ११०६ च्या मजकुरात '०७१४ मधल्या मुळांचं व कंदांचं पीठ, रवा आणि पूड' असं लिहिलं आहे आणि त्याला सब-हेडिंग ११०६ २०. म्हणून तुमच्या एकाच गिरणीतून निघालेल्या दोन पुड्या दोन चॅप्टरमध्ये जातात. बटाट्याची वाट आणखी निराळी. वाळवलेल्या चकत्या ०७१२ ९०, पण पीठ ११०५ १० आणि फ्लेक्स ११०५ २०. सातव्या चॅप्टरच्या तिसऱ्या टिपेने हा माल ०७१२ मधून स्पष्टपणे बाहेर काढला आहे. वेफर्स तळलेले असले तर २००५ २०.

कसाव्याकडे पाहिलं तर ही पायरी-पायरीची चाल छान दिसते. मूळ ०७१४ १०, त्याचा स्टार्च ११०८ १४, आणि त्याच स्टार्चचे दाणे केले की तो आपला साबुदाणा, १९०३. एक झाड, तीन चॅप्टर.

हळद-आल्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण रायबाग, चिकोडी, अथणीकडची मंडळी हे वाचत असतील म्हणून लिहितो. ही दोन्ही जमिनीखालीच होतात, तरी ती सातव्या चॅप्टरमध्ये नाहीत. मसाले म्हणून ती नवव्यात आहेत: हळद ०९१० ३०, अख्खं आलं ०९१० ११, कुटलेलं किंवा दळलेलं आलं ०९१० १२. ओली हळदसुद्धा भाजी होत नाही, ती ०९१० ३० मध्येच, फक्त भारतीय आठ आकड्यांत ओल्या, सुक्या आणि पुडीच्या वेगळ्या ओळी आहेत. देशातल्या देशात विकतानाही या ओळी कामाला येतात. प्रक्रिया न केलेल्या ओल्या हळदीवर जीएसटी नाही, सुक्यावर आहे. सांगलीच्या पेठेत माल घालणाऱ्याला हे माहीत असतंच.

अश्वगंधा, शतावरी ही मुळं औषधी म्हणून १२११ मध्ये. साखरेचं बीट १२१२ मध्ये, जनावरांच्या चाऱ्याची मुळं १२१४ मध्ये. सॅलडचं बीट आणि साखरेचं बीट ही एकाच वनस्पतीची भावंडं आहेत, तरी एकाचं ताट वेगळं आणि दुसऱ्याचं वेगळं.

इथे एक जण हमखास म्हणतो की लोक ज्याला भाजी म्हणतात ती भाजी, एवढा कीस पाडायचा कशाला? या म्हणण्याला आधार आहे. अकोल्याच्या एका विक्रीकर प्रकरणात विड्याची पानं 'भाजी' आहेत का हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६१ मध्ये न्यायालयाने बोलीभाषेतला अर्थ धरून सांगितलं, नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये टोमॅटोला जकातीपुरतं फळ न मानता भाजी ठरवलं, तेही याच न्यायाने. पण हा न्याय कायद्यात व्याख्या नसेल तिथे चालतो. एचएसमध्ये हेडिंगचा मजकूर आणि टिपा जिथे बोलतात, तिथे बाजारातला अर्थ मागे पडतो. कंदमुळांच्या बाबतीत त्या बऱ्याच ठिकाणी बोलतात.

चुकीचा कोड गेला तर बिघडतं काय? ताज्या भाजीवर पैसे फारसे लागत नाहीत म्हणून लोक हलक्यात घेतात. पण कोड फक्त कराचा नसतो. शिपिंग बिलावर (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायच्या घोषणापत्रावर) निर्यातदार स्वतः आकारणी करतो, म्हणजे कोडाची जबाबदारी तुमची. ब्रोकरने भरला असला तरी तुमचीच. निर्यात प्रोत्साहनाचे दर आठ आकड्यांवर ठरतात. नोंदणी कुठे करायची तेही मालावरून ठरतं: रताळी-गाजर एपीडाकडे (शेतमालाच्या निर्यातीच्या सरकारी संस्थेकडे), हळद-आलं स्पायसेस बोर्डाकडे. निर्यातबंदी येते तीही कोड आणि वर्णन लिहूनच येते. सप्टेंबर २०२० मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा कापलेला, चकत्या केलेला आणि पूड केलेला कांदा त्यातून वगळला होता. त्या दिवशी ज्याच्या कागदावर नुसतं 'कांदा' एवढंच लिहिलेलं असेल, त्याला आपला माल बंदीबाहेरचा आहे हे पटवून देताना नाकी नऊ येणारच.

तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं कारण दुबईचं. भारत आणि संयुक्त अरब अमिरातीचा करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्याखाली सवलत घ्यायची तर मूळ-देशाच्या प्रमाणपत्रावर कोड लिहावा लागतो. प्रमाणपत्रावर एक, शिपिंग बिलावर दुसरा आणि खरेदीदाराच्या आयात-कागदावर तिसरा अशी स्थिती झाली, तर माल बंदरावर थांबतो. सुका माल थांबला तर भाडं वाढतं, ताजा थांबला तर तो सडतो.

पुढे कधी युरोपला जायचं झालं, तर तिथे सहा आकड्यांनंतर आणखी फाटा आहे. रताळ्यात 'ताजं, अख्खं, माणसांच्या खाण्यासाठी' याला ०७१४ २० १० आणि बाकी सगळ्याला ०७१४ २० ९०. सोलून चौकोनी तुकडे केलेलं रताळं आपल्याकडे एकाच ओळीत असलं, तरी तिथे 'अख्खं' या शब्दामुळे दुसऱ्या ओळीत जातं. म्हणून सहा आकड्यांपुढचे आकडे खरेदीदाराला विचारायचे, आपण अंदाजाने लिहायचे नाहीत.

आता करायचं काय. कोड शोधण्याआधी मालाचं वर्णन लिहून काढा. कोण, कोणत्या रूपात, कशात भरलेलं, कशासाठी. "ताजी भाजी (मुळं), १२ टन" असं वर्णन मी अजूनही इनव्हॉइसवर पाहतो. त्यावरून कुणीही कोड ठरवू शकत नाही, आणि तपासणीच्या वेळी अधिकाऱ्याने पोती उघडायला सांगितली तर त्याचा दोष नाही. त्याऐवजी असं लिहा: 'ताजी रताळी, इपोमिया बटाटस, अख्खी, धुतलेली, न सोललेली, जाळीच्या पिशवीत, खाण्यासाठी'. एवढं लिहिलं की ०७१४ २० शोधावं लागत नाही, समोर येऊन उभं राहतं. प्रत्येक जिनसाची ओळ वेगळी, वजन वेगळं, कोड वेगळा. चार जिनसांचं वजन एकत्र लिहू नका.

'धुतलेली' हा शब्द मुद्दाम घातला. धुण्याने कोड बदलत नाही, पण फायटोसाठी ते फार महत्त्वाचं. आपल्या पश्चिम भागातली तांबडी माती रताळ्याच्या देठापाशी आणि खाचांत घट्ट बसते. दिल्लीला महाशिवरात्रीसाठी जाणाऱ्या ट्रकात ती चालते, परदेशात मातीसकट कंद आणायला अनेक देशांची बंदी आहे.

आणखी एक गोष्ट, कोडाबाहेरची पण पैशाची. गाजर-बीट शून्य अंशाच्या जवळ ठेवतात. रताळं तेरा ते पंधरा अंशांत ठेवावं लागतं, त्याखाली गेलं की आतून खराब होतं. दोन्ही एकाच रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये भरू नका. ०७१४ मध्ये ताजं आणि थंड केलेलं एकाच ओळीत असल्यामुळे कागदावर काही अडचण दिसत नाही, अडचण दुबईला दार उघडल्यावर दिसते.

पुडीसाठी मात्र घाई करू नका. नुसतं रताळं दळलेलं असेल तर ११०६ २० वर मी ठाम आहे. पण त्यात राजगिऱ्याचं पीठ, साखर, मीठ, मसाला असं काही घालून उपवासाचं तयार पीठ करायचा विचार असेल, तर तो माल १९०१ कडे झुकतो, आणि तिथे नोंदणीपासून लेबलपर्यंत सगळं बदलतं. शंका राहिली तर सीमाशुल्काच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे, मुंबईच्या खंडपीठाकडे, १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली अर्ज करता येतो. तो निर्णय माल पाठवण्याआधी मिळवायचा असतो, म्हणून आत्ताच तयारीला लागा. अर्जाला गिरणीतली प्रक्रिया क्रमाने लिहून जोडा: धुणं, सोलणं, चकत्या, वाळवणं किती अंशावर, दळणं. उकडण्याची पायरी मध्ये येत असेल तर ती लपवू नका, कारण ०७१० च्या मजकुरात उकडणं आहे आणि ०७१४ च्या मजकुरात ते नाही. अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतील. पुडीत काय-काय पडणार आहे ते ठरलं की घटकांची यादी टक्केवारीसह मला पाठवा, मग पुढचं बघू.